सात दोऱ्यांवरच्या गाठी

त्या दिवशी धुकं इतकं दाट पडलं होतं की दारातली बाभूळसुद्धा दिसेना. फार फार जुनी गोष्ट आहे ही. एका डोंगरगावात दोर वळणारा एक म्हातारा राहत होता. अक्षर त्याला ठाऊक नव्हतं. काही लक्षात ठेवायचं असलं की दोरीला गाठ मारायचा.

त्याची नात शेळ्या राखायची. त्या सकाळी ती कड्यावर जायला उठेना. म्हाताऱ्याने कारण विचारलं नाही. दोराचं एक टोक तिच्या हाती दिलं आणि वळत बसला. अर्धा दोर झाला तेव्हा ती बोलली.

दरीपलीकडून एक आवाज यायचा. मीही तुझ्याएवढीच, शेळ्या राखणारी, असं सांगायचा. आधी तिच्या गाण्याचं कौतुक झालं. मग ओढ्याकाठी तिच्यासाठी ठेवलेले मणी सापडले. मग घरच्यांना तुझी कदर नाही, हे सुरू झालं. मग आवाजाने तिचं एक गुपित काढून घेतलं. आणि काल तो म्हणाला होता, "परवा ओढ्याच्या उतारावर एकटी ये. नाहीतर गुपित गावाला ओरडून सांगेन."

"आबा, रागावलात?"

"रागावलोय. पण तुझ्यावर नाही," म्हातारा म्हणाला. दोरीला पाच गाठी मारून तो बाहेर पडला.

दिवसभर तो घरोघर फिरला. प्रत्येक पोराला आधी वचन दिलं, तुझं नाव घेणार नाही. मग ऐकत बसला, मधे बोलला नाही. त्याच आवाजाने गाठलेली आणखी सहा पोरं निघाली. प्रत्येकाच्या दोरीवर वेगवेगळ्या वळणाच्या गाठी: कौतुकाची, मग भेटवस्तूची, घरच्यांच्या निंदेची, गुपिताची, धमकीची.

संध्याकाळी चावडीवर त्याने सातही दोऱ्या शेजारी शेजारी मांडल्या. सगळ्या गाठी एकाच क्रमाने आल्या होत्या.

पाटील हसला. म्हातारा आता दोर सोडून गाठी विकणार वाटतं, म्हणाला. पोरांना कड्यावर पाठवू नका म्हणजे झालं.

"पाटील, दर वेळी तुम्ही हेच केलंत," म्हातारा सावकाश म्हणाला. "जो सांगेल त्याचंच बाहेर जाणं बंद. म्हणून तर पोरं गप्प बसली. कोंडायचं तर त्या आवाजवाल्याला कोंडा."

तेवढ्यात नात उभी राहिली. शेजारणीचं करडू वाघाने नेलं नव्हतं, ती म्हणाली. माझं लक्ष नव्हतं, ते कड्यावरून पडलं आणि मी खोटं बोलले. शेजारीण गावातली जहाल बाई. पण ती उठून घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशीही धुकं होतं. गडीमाणसं उतारावर दबा धरून बसली. नात कड्याच्या टोकावर गेली आणि दरीत ओरडली, "माझं गुपित मी गावाला सांगून आले. आता तू सांग, तू कोण?"

मग बाकीची सहा पोरंही, कुणी न बोलावता, तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तेच ओरडली. "तू कोण?" दरी दणाणून गेली.

पळायची वाट उतारावरूनच होती. तिथे सापडला तो पिकल्या मिशांचा दांडगा माणूस. त्याला बांधून राजाच्या शिपायांच्या हवाली केलं. शेळ्या राखणं मात्र कुणाचंच बंद झालं नाही.

दुपारी शेजारीण म्हाताऱ्याच्या अंगणात आली. म्हणाली, "भावजी, करडासाठी पोरीला चार शब्द सुनावायचे ठरवून निघाले होते, पण नाही सुनावत. ज्या पोराला आपली चूक घरात सांगता येते, त्याला बाहेरचा कुणीही धाकात ठेवू शकत नाही."