नाव न पुकारणारा वीर

एका राज्यात दोन घराण्यांचं वैर होतं, एक पांढऱ्या निशाणाचं, एक तांबड्याचं. मध्ये नदी. तिथल्या वीरांची रीत अशी, की तलवार उपसली की आधी आपलं नाव नि सात पिढ्या पुकारायच्या. समोरच्यानं तसंच उत्तर द्यायचं, मगच वार. न पुकारेल तो भेकड.

पांढऱ्यांकडे मोरितादा नावाचा वीर होता. हात तलवारीचा, जीव कवितेचा. थोरला भाऊ कागेनोरी तांबड्यांकडे दत्तक गेलेला.

एकदा मोरितादाला मांत्रिकाच्या थडग्यात सोन्याच्या मुठीची तलवार सापडली. चोरासारखं गप्प राहावं की नाही? पण सवय मेली! उपसली अन् ठोकली आरोळी, सात पिढ्यांसकट. तलवार बोलली, "ऐकलं. आता तुझा हात माझा. तुझ्यासमोर जो नाव पुकारील, त्याचं रक्त मी पिईन."

मूठ तळव्याला चिकटली ती चिकटलीच. आणि तिसऱ्या दिवशी लढाई, समोर कागेनोरी! मोरितादा नदीवर जाऊन बसला.

नदीकाठचा करकोचा म्हणाला, "तीन गोष्टी सोड, वीरा. पहिली घोडा."

सोडला.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "कवितांची वही."

तीही त्यानं पाण्यात टाकली.

"तिसरी?"

"नाव. उद्या पुकारू नकोस, म्हणजे समोरच्यालाही उत्तरात पुकारावं लागणार नाही. सूर्य बुडेतो नाव मिळालं नाही, तर तलवार उपाशी मरेल."

"सात पिढ्या थुंकतील!"

"थुंकू देत. पिढ्या मेल्यात, भाऊ जिवंत आहे."

लढाईत मोरितादा मुका उभा. त्याचेच लोक ओरडले, "भेकड! बांगड्या भर!" जसं काही बांगड्यांच्या हातात बळ नसतं!

ऊन कलत चाललं. कागेनोरी खवळला. "धाकट्या, लहानपणी झोपू द्यायचा नाहीस इतकं बडबडायचास, आज वाचा बसली? थांब, मीच पुकारतो!"

त्यानं तोंड उघडलं. तलवार आपसूक उठली. तोच मोरितादाच्या तोंडातून ओळी निघाल्या:

"नदी एक, काठ दोन,
आईला विचारा, वैरी कोण?"

कागेनोरीचं तोंड उघडंच राहिलं. नाव आतच विरलं. सूर्य बुडाला. तलवार गंजली, मूठ गळून चिखलात पडली.

"हात दाखव रे," कागेनोरी म्हणाला. "सोललाय की सगळा, गाढवा!"

तेव्हापासून त्या राज्यात वीर आधी आईचं नाव पुकारतात, आणि मग सहसा वार होतच नाही.

गंज गेला नदीला, लाज गेली नदीला, भाऊ आले जेवायला.