म्हायेरच्या वाटंवरची खडस

शेवट वळखून दाखवा. वळखलात तर माझी टोपी तुमची. न्हाई तर गप बसून ऐकायचं.

लई वर्सांमागं एका राजानं नदीला बांध घालून मोठं तळं केलं. उन्हाळ्यात त्यातली मासळी तळाच्या गारव्याला बसायची. पाऊस लागला, की अंड्यावर आलेल्या खडशी, म्हंजे मोठ्या खवल्यांचे मासे, ओढ्यानं वर डोंगरात चढायच्या. तिथं अंडी घालून थंडीत खाली यायच्या. भोई लोक त्या ओढ्याला मासळीचं म्हायेर म्हणायचे. तवा जाळी झाडाला टांगायची अन् ओढ्याला हळद-कुंकू वाहायचं, ही रीत.

रीतीचा राखणदार रावबा नाईक. कुणी गळ घेऊन ओढ्याकडं नुसतं बघितलं, तरी मिशीवर हात फिरवत इचारायचा, "का रं, तू पोटात असताना तुझ्या आयवर कुणी जाळं टाकलं व्हतं का?" गाव हसायचं. त्यो गडी मान खाली घालायचा.

एका पावसाळ्यात रावबाची लेक सगुणा बाळंतपणाला आली. तिला मासा खावासा वाटला. रावबानं तळं पालथं घातलं, शेपूट हलंना. मासळी सगळी वर गेलेली.

एकीनं काय व्हतंय, असं मनाला सांगत त्यानं ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावलं. मागं ऱ्हायलेली एक खडस घावली. आता तुम्ही म्हणाल, ती बोलली असंल. न्हाई. मासे कवा बोलल्यात का?

घोंगडीत गुंडाळून त्यानं ती मागच्या दारानं आणली. तळ्यातच घावली म्हणाला.

सगुणानं विळीवर तिचं पोट चिरलं. आत गाभोळी, अंड्यांनी गच्च भरलेली.

तिनं विळी मिटली. बापाकडं न बघताच म्हणाली, "बाबा, मीबी म्हायेरालाच आलीया."

रावबानं हात धुतले, पुन्हा धुतले. लेकीफुडं मान काय वर व्हईना. सकाळी तिनं सासरची वाट धरली. अडवायला त्यो उंबऱ्यापतूर आला, पर कोणत्या तोंडानं अडवणार?

नातू सासरीच जन्मला, तिथंच रांगला. दर पावसाळ्यात खडशी वर चढायच्या. रावबा काठावर मान खाली घालून बसायचा, कुणाला काय इचारायचा न्हाई. घरात आढ्याला त्यानं बांधलेला पाळणा रिकामाच ऱ्हायला.

दुसऱ्याच्या लेकीची म्हायेरची वाट अडवली, की आपल्या लेकीची बंद व्हती.