कॅप्टनसाहेब आणि पोपटपंची

कॅप्टन खर्डेकरांचा तोरा असा, की जणू वारासुद्धा त्यांना विचारूनच वाहतो. ऑटोपायलटमध्ये काहीही बदललं की वैमानिकाने ते मोठ्याने बोलून दाखवायचं, हा नवा नियम बैठकीत मांडला जाताच ते खेकसले, "पोपटपंची नुसती! मुरलेल्या वैमानिकाला सगळं दिसतं."

"मग सरावाच्या सिम्युलेटरवर दाखवा ना, सर," सहवैमानिक फाल्गुनी तोरसकर म्हणाली. अख्खी बैठक तिकडे हलली.

पडद्यावरच्या आकाशात साहेब स्वतःचेच पराक्रम सांगत बसले. शेजारी बसलेल्या फाल्गुनीने ऑटोपायलटमधला उंचीचा आकडा गुपचूप खाली आणला. सिम्युलेटर कोकलायला लागला, तेव्हा डोंगर नाकासमोर होता. विमान आदळलं.

"आकडा बदललास, तर तोंडाने सांगायला काय झालं होतं?" खर्डेकर किंचाळले.

फाल्गुनी मागे जमलेल्या बैठकीकडे वळून म्हणाली, "लिहून घ्या. सरांचा नियमाला पाठिंबा आहे."