खारकेला मांडी हवी

एक होती कुत्री. एवढीश्शी. रंग खारकेचा, सुरकुत्याही खारकेच्या. म्हणून नाव खारीक.

खारकेची एक मांडी होती. म्हणजे मांडी होती केतकीताईची, पण बसायची खारीक. रोज चहाच्या वेळी.

मग घरात बाळ आलं. बाळ मांडीवर निजलं. खारकेची मांडी गेली.

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. बारा दिवस गेले. बारसं झालं. पाहुणे घुगऱ्या खाऊन घरी गेले. खारकेला कुणी हाक मारली नाही. कान खाली. शेपूट खाली. घर अंधारं अंधारं.

खारीक निघाली. टुपू टुपू टुपू.

"ताई, ताई, मांडी दे."

केतकी म्हणाली, "बाळ झोपलं की देते हं, राणी. झोपतच नाही गं! माझंच काहीतरी चुकतंय. तुला भूक लागली का? बिस्कीट घे."

"बिस्कीट नको. मांडी हवी."

बिस्कीट राहिलं जमिनीवर.

बाळ तिथंच होतं, मांडीवर. खारीक एकच पाऊल सरकली. टुपू.

"बाळा, बाळा,
ताई मांडी देईना,
मी बसू कुठे?
तू झोप ना!"

बाळ म्हणालं, "ट्यांऽऽ! पाळणा हलला की झोपेन. तू माझा मोजा घे." बाळानं पाय झाडला. पुक्! मोजा पडला.

"मोजा नको. मांडी हवी."

खारीक निघाली. टुपू टुपू टुपू. पाळणा रिकामाच उभा होता.

"पाळण्या, पाळण्या,
बाळ झोपेना,
ताई मांडी देईना,
मी बसू कुठे?
तू हल ना!"

पाळणा म्हणाला, "कर्रर्र! केतकी दोरी ओढते भीत भीत. दोरी तुटेल का, बाळ पडेल का! असं कुणी हलतं का? आजोबांनी ओढली की हलेन. तू माझी लाल चिमणी घे." टप्! टांगलेली चिमणी पडली.

"चिमणी नको. मांडी हवी."

खारीक निघाली. टुपू टुपू टुपू. आजोबा बसले होते गॅलरीत. एकटेच.

"आजोबा, आजोबा,
पाळणा हलेना,
बाळ झोपेना,
ताई मांडी देईना,
मी बसू कुठे?
तुम्ही दोरी ओढा ना!"

आजोबा म्हणाले, "ओढली असती गं. पण हात बघ माझे. लटलट लटलट. सगळे म्हणाले, राहू द्या बाबा, तुम्ही बसा. म्हणून बसलोय. हात थांबले की ओढेन. तू शेंगदाणा घे." टुण्! शेंगदाणा घरंगळत खोलीत गेला.

"शेंगदाणा नको. मांडी हवी."

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. खारीक खाली बसली. कुईं कुईं. मग तिनं हातांनाच विचारलं.

"हातांनो, हातांनो,
आजोबा दोरी ओढेनात,
पाळणा हलेना,
बाळ झोपेना,
ताई मांडी देईना,
मी बसू कुठे?
तुम्ही थांबा ना!"

हात म्हणाले, "थांबायचं कशाला धरून? आम्ही रिकामे. तुला द्यायलाही काही नाही."

खारकेकडेही काही नव्हतं. बिस्कीट नाही, मोजा नाही, चिमणी नाही. होतं फक्त डोकं. तिनं डोकं दिलं. दोन्ही हातांच्या मधे, अलगद.

लटलट... लटलट... लट...

हात थांबले.

आजोबा उठले. केतकी म्हणाली, "अहो बाबा, राहू द्या, तुमचे हात..."

"हात आहेत जागेवर. घाल गं बाळाला पाळण्यात."

आजोबांनी दोरी ओढली. पाळणा हलला. कर्रर्र-कुईं, कर्रर्र-कुईं. बाळ झोपलं. मांडी रिकामी झाली.

केतकीनं खाली बघितलं. बिस्कीट. मोजा. चिमणी. शेंगदाणा. सगळं पडलेलं.

"खारके, यातलं काहीच नको होतं ना तुला?"

खारीक मांडीवर चढली. एक गिरकी, दोन गिरक्या, तीन गिरक्या. बसली. हुश्श.

टप. केतकीच्या डोळ्यातला थेंब खारकेच्या कानावर पडला. कान हलला. खारीक नाही हलली.

"बाळ उठेल आता," केतकी हळूच म्हणाली. "ट्यां करेल. मांडी मागेल."

"मागू दे," आजोबा म्हणाले. दोरी त्यांच्या हातातच होती. "चहाच्या वेळी बाळ माझ्याकडे. मांडी खारकेची."

मग खारीक खाली उतरली. बिस्कीट खाल्लं. कुर्रुम कुर्रुम. आणि लगेच पुन्हा वर चढली.

खारकेला मांडी मिळाली, गोष्ट तिथंच निजली. आता तुम्ही सांगा. तुम्ही कुणाच्या मांडीवर बसलात?