एकीचा गूळ

एका डोंगरगावात एक राखनदार व्हता. नाव सुबाना. गावाच्या वरच्या अंगाला जाखाईदेवीची राई व्हती, तिची राखन त्याच्या घरान्याकडं. त्या राईतली वाळकी काटकीबी कुनी घरी न्यायची न्हाई, असा रिवाज. पडलं ते तिथंच कुजायचं. राखनीच्या बदल्यात सुबानाला देवीच्या जमिनीचा एक तुकडा कसायला दिला व्हता. त्यावरच त्याचं घर जेवायचं.

मानूस सरळ, पन डोकं म्हंजी तापला तवा. कुनी राईकडं नुसतं टक लावून बघितलं तरी ह्यो काठी घेऊन उभा.

एकदा तो लेकीच्या पोराच्या बारशाला गेला. परत येऊन बघतो तर राईतलं समद्यात जुनं शिसवाचं झाड गायब! उरला नुसता बुंधा, आन् भवताली भुसा.

गावात बोंब झाली. पंच बसले. पंचांत दोन बडी धेंडं, हैबतअण्णा आन् बाजीनाना. हैबतअण्णा म्हनला, "नेमकं त्याच टायमाला राखनदार गावाला जातो? मला तर ह्यात त्याचाच हात दिसतो."

बाजीनानानं मान डोलावली. "अण्णा म्हनत्यात ते खरं हाय."

पंचांनी ठरवलं, जत्रेपातूर चोर सापडला न्हाई तर सुबानानं काठी खाली ठिवायची आन् जमीन सोडायची. शिवाय चोर हे नाव कपाळाला चिकटनार ते येगळंच.

सुबाना घरी आला आन् तांब्या भितीवर आपटला. त्याला जो दिसंल तो चोर वाटाय लागला. सुताराकडं भुसा दिसला, संशय. लोहार कुऱ्हाडीला धार लावतोय, संशय. पैला तावडीत गावली गजराबाई. ती शेळ्या राखायची. रोज तिच्या शेळ्या राईच्या कडंला, आन् रोज ह्याच्यासंगं भांडन.

सुबाना तिच्या दारात जाऊन गरजला, "गजरे, खरं सांग, झाड कुनाला इकलंस?"

गजराबाई धार काढत व्हती. ती जागची हललीबी न्हाई. "व्हय रं मुडद्या, पदराखाली झाकून नेलं बघ झाड! आरं, त्या सावलीला माझ्या शेळ्या दुपार काढायच्या. आता त्यास्नी काय तुझ्या टकुऱ्याच्या सावलीला बसवू?"

आन् तिथनं म्होरं तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या.

शिव्या खाऊन सुबाना माघारी फिरला. पन चालता चालता त्याचं डोकं जरा निवलं. ही बाई झाड जायच्या आधी भांडत व्हती, आताबी तशीच भांडती. हिच्यात काय बी बदल न्हाई. मग बदललं कोन?

आन् तो वाटंतच थबकला. "अण्णा म्हनत्यात ते खरं हाय." हे बाजीनाना म्हनला व्हता!

आवो, ह्या दोन घरांचं वैर पोरासोरांनाबी पाठ. देवीच्या पालखीला पैला हात कुनाचा, ह्या मानावरनं दर जत्रेत पागोटी उडायची. अण्णा म्हनला दिस उगवला, तर नाना म्हननार मावळला. एकाच्या घरी मयत झालं तर दुसरा मसनवट्यात लांब, बाभळीखाली उभा. आन् आता एकदम अण्णा म्हनत्यात ते खरं?

मधी कुनी पडलं न्हाई. दोन्ही घरांत सोयरीक झाली न्हाई. मग ही गोडी आली कुठनं?

सुबानाला आनखी एक आठवलं. ज्या हैबतअण्णानं जलमात कुनाला वाटीभर ताक दिलं न्हाई, त्यानं बारशाला निघताना ह्याच्या हातात तुपाचा डबा ठिवला व्हता. "जा, लेकीकडं चार दिस ऱ्हा निवांत," म्हनला व्हता. त्या येळी सुबानाला भरून आलं व्हतं. आता त्या तुपाच्या आठवनीनंच तोंड कडू झालं.

त्यानं दोन-चार जनांना हे बोलून दाखवलं, तर लोक त्याच्यावरच उलटले. "तुला गावाची एकी बघवत न्हाई व्हय रं?" म्हाताऱ्यांनी तर वैर मिटलं म्हनून देवळात गूळ वाटला. "झाड गेलं ते गेलं, देवीनं एकी तर दिली!" सुबानाच्या हातावरबी एक खडा पडला. त्यानं तो जिभंला लावला न्हाई. जाऊन बैलाला चारला.

जत्रेचा दिस उजाडला. पालखी सजली. समदं गाव देवळाम्होरं गोळा झालं. हैबतअण्णा हात जोडून म्हनला, "नाना, आधी तुमी हात लावा."

"छे छे अण्णा, मान तुमचा!"

"आसं कसं? तुमी वडील!"

लोकांच्या डोळ्यांत पानी. सुबानाच्या मात्र टकुऱ्यात जाळ. तेवढ्यात एक पंच म्हनला, "सुबाना, चोर काय गावला न्हाई. ठिव काठी."

सुबाना म्होरं झाला. "ठिवतो. पन त्याआधी आज्ज्यानं सांगितलेली एक गोष्ट बोलतो. लुटारूंच्या धामधुमीत देवीचा सोन्याचा मुखवटा त्या शिसवाच्या ढोलीत लपवला व्हता, वरनं माती लिंपून. आमचं घरानं खरी राखन त्याची करत व्हतं. झाड नेलं त्यानं खुशाल नेलं. पन ढोलीतला मुखवटा तेवढा देवीला परत द्यावा."

समदी जत्रा म्होरं सरकली. मग एकच गलका, "कसला मुखवटा? आमाला कसं ठावं न्हाई? सुबाना, खरं का?" शंभर तोंडं सुबानाकडं वळली.

दोनच वळली न्हाईत. हैबतअण्णा बाजीनानाकडं बघत व्हता. बाजीनाना हैबतअण्णाकडं.

"नाना," हैबतअण्णा दात खाऊन म्हनला, "ढोलीच्या अंगाला करवत कुनाच्या गड्यांची व्हती?"

"आन् गाडी कुनाची व्हती? घाटात चाक निसटलं म्हनून तूच थांबवलीस न्हवं? मला म्होरं धाडलंस!"

"लबाडा! मला नुसतं लाकूड दावून सोनं घरात घातलंस!"

"सोनं तू खाल्लंस, वर मलाच लबाड म्हनतोस? राखनदाराला गावाबाहीर काढायची अक्कल कुनाची व्हती?"

पागोटी उडाली. दोघांनी एकमेकांची गचांडी धरली आन् झाड कसं तोडलं, कुठं इकलं, समदं गावाम्होरं वकलं. कुनाला इचारायची गरजच पडली न्हाई. गूळ वाटनारे म्हातारे खाली माना घालून उभे व्हते.

उरलेल्या पंचांनी तिथंच निवाडा केला. दोघांचं पंचपद काढलं, पालखीचा मान काढला. राईत नवी रोपं लावायची आन् खांद्यावर कावड घेऊन सोता पानी घालायचं, असा दंड ठोकला. काठी सुबानाच्या हातातच ऱ्हायली, जमीनबी.

पांगापांग झाल्यावर गजराबाई जवळ आली. हळूच म्हनली, "व्हय रं, खरंच मुखवटा व्हता?"

"घुबड व्हतं," सुबाना म्हनला. "तेबी बिचारं उडून गेलं."

गजराबाई अशी हसली की शेळ्या बुजल्या. सांजच्यापातूर ही गोष्ट घरोघर गेली. पंचांनीबी त्या दोघांना सांगितलं, मुखवटा-बिखवटा काय न्हाई, सुबानानं थाप मारली. अण्णाला वाटलं, नानानंच पंचांना फितवलंय. नानाला वाटलं, अण्णानं.

आता दोघं रोज राईत पानी घालायला येत्यात. एकाची पाठ वळली की दुसरा, ह्यानं मुखवटा हितंच पुरला असंल म्हनून, कुदळ घेऊन बुंध्याखाली उकरतो. सुबाना लांब दगडावर बसून बघतो. त्यांना तो हटकत न्हाई. बुंध्याची माती फुकटात भुसभुशीत व्हती, आन् बाजूनं शिसवाचे नवे कोंब फुटायला लागल्यात.

तात्पर्य: वैरी कारन नसताना गोड झाले, तर आनंद करायच्या आधी बघावं की दोघांनी मिळून काय खाल्लंय. पापातली दोस्ती हावेनं जुळती आन् हावेनंच फुटती.