हसाजी तेली खोटा ठरला त्याची गोष्ट

बांध अजून नुसत्या मातीचा होता आणि तिवरोलीत तेलाचा घाणा बैल ओढत होता, त्या काळातली ही गोष्ट. मी पाहिलेली नाही, माझ्या आज्यानेही पाहिलेली नाही. पण खांब मी पाहिला आहे. तेव्हा ऐका.

तिवरोली म्हणजे खाडीकाठचं गाव. एका अंगाला भाताची शेतं, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माणूसभर उंच बांध. बांध आहे तोवर गाव आहे. त्या गावात तेल्याचं घर एकच, हसाजीचं. तो शनवार तेली, म्हणजे इस्रायल लोकांपैकी. फार जुन्या काळी गलबत फुटून त्यांचे पूर्वज या किनाऱ्याला लागले, असं म्हणतात. शनिवारी त्याचा घाणा बंद, चूल बंद, बैलालाही सुट्टी. बापाकडून आलेले जुन्या बोलीतले आठ-दहा शब्द तो सकाळ-संध्याकाळ म्हणे. अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता.

गाव त्याच्याकडून तेल घेई, पण विश्वास ठेवत नसे.

"शनिवारी दार लावून हा करतो काय?" बायका विचारत.

"काय करणार? झोपतो."

"आणि बैल?"

"बैलही झोपतो."

"दोघं एकदम? काहीतरी आहे हां यात!"

गाव असं संशयी का झालं, तर मला वाटतं विहिरीमुळे. पंचक्रोशीत गोड पाण्याची विहीर एकच, ती तिवरोलीची. पलीकडे मीठवाडी. तिथली माणसं मिठागरावर राबत, आणि उन्हाळ्यात त्यांच्या घशाला कोरड पडे. शिमगा सरला की मीठवाडीने पाणी चोरू नये म्हणून गाव विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाली. मीठवाडीची हौसा म्हातारी एका वैशाखात रिकामी घागर घेऊन त्या काट्यांशी बसली, ती बसल्या जागीच गेली. गावाने घागर उचलून बाजूला ठेवली. काटे ठेवले तसेच.

त्याच वर्षी हसाजीला पहिल्यांदा दिसलं. घाण्याखालचं मडकं काठोकाठ भरलं होतं. तो वाकून बघतो तर तेलात त्याचं तोंड दिसेना. दिसले टोळ. आभाळ झाकून आलेले, आणि खाली तिवरोलीचं भात.

तो धावत चांगो पाटलाकडे गेला. "पाटील, टोळ येतायत. देव रागावलाय. विहिरीवरचे काटे काढा."

काटे कोणी काढले नाहीत, पण भात जाईल म्हणून गाव घाबरलं. मशाली केल्या, धूर केला, तीन दिवस थाळ्या बडवल्या. टोळ खाडीपलीकडच्या डोंगरापर्यंत आले आणि आल्या वाटेने फिरले. पण तिथवर बघायला गेलं होतं कोण? गावाला टोळ दिसलाच नाही.

"कुठायत रे तुझे टोळ?" पाटलाने विचारलं.

"फिरले. मी देवाला विनवलं."

"म्हणजे आलेच नाहीत."

"नाही आले."

"मग खोटं बोललास!"

"खोटं नाही पाटील. विनवलं."

तेवढ्यात कोणाच्या तरी डोक्यात आलं, की मशालींना करंजाचं तेल लागलं कोणाचं? हसाजीचं! झालं. तेल खपावं म्हणून हा टोळ आणतो, असं गावात ठरलं. मधे एकदा वणव्याचंही असंच झालं म्हणतात. ते मला नीट ठाऊक नाही, म्हणून सोडतो.

मग एका साली मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. आषाढ आला तरी विहिरीवर काटे तसेच. आणि हसाजीला तेलात समुद्र दिसला. बांध नाही, घरं नाहीत, कौलांवरून मासे पोहतायत.

या वेळी तो हळू चालत गेला. सांगून काय होणार ते त्याला ठाऊक होतं. तरी सांगितलं. "अमावास्येच्या भरतीला समुद्र येणार. पाणी नाकारलंत ना, आता पाणी घ्या, असं देव म्हणतोय."

मग पाटील म्हणाला, "हा स्वतःच बांध फोडणार. बोललेलं खरं करून दाखवायला!"

सगळ्यांना पटलं. बांधात एक उघाडी होती, म्हणजे पाणी सोडायचं दार. तिथे खैराचा खांब होता. अमावास्येच्या सकाळी हसाजीला त्या खांबाला बांधलं. पाटील म्हणाला, "समुद्र आला तर आधी तुला नेईल. नाही आला तर तू खोटा, संध्याकाळच्या आत गाव सोडायचं." राखणीला ठेवला पोशा. पोशा इतका संशयी, की स्वतःच्या सावलीला विचारी, कुठे चाललीस?

दुपार झाली. वारा पडला. भरती चढू लागली.

हसाजीने आधी ते आठ-दहा शब्द म्हटले. मग आपल्या साध्या बोलीत बोलू लागला, शेजाऱ्याशी बोलावं तसा. "देवा, यांचं चुकलंय. मी नाही म्हणत नाही. पण तू मला आधी दाखवलंस. दाखवलंस म्हणजे अजून ठरलेलं नाही. ठरलंच असतं तर मला कशाला दाखवलं असतंस?"

"ए, कोणाशी बोलतोस?" पोशा ओरडला.

"बघ तिकडे," हसाजी म्हणाला.

पोशाने बघितलं. पाणी बांधाच्या कडेला लागलं, आणि कडेवर चढूनही सांडलं नाही. भिंतीसारखं उभंच वाढत गेलं. पोशाच्या गुडघ्याएवढं, मग छातीएवढं. अडवायला माती नाही, दगड नाही. पाण्यातून एक बोईट मासा त्याच्या डोळ्याला डोळा लावून बघत होता. मागे खाली भाताचे वाफे कोरडे, असं म्हणतात.

"मी बोलत राहतो तोवर थांबेल बहुतेक," हसाजी म्हणाला. "तू जा. काटे काढ."

"मी? मी एकटा?"

"माझे हात बांधलेत, पोशा. तुझे मोकळे आहेत."

पोशा धावला. नुसत्या हातांनी काटे ओढू लागला. लोक जमले. "अरे, तेल्याने फितवला याला! किती तेल दिलं रे?" पोशा ओढतच राहिला. हात रक्ताने भरले. हौसाची सून नेहमीसारखी लांब उभी होती, कोणाची घागर हिंदकळली तर तेवढं मिळावं म्हणून. पोशाने पोहरा सोडला आणि तिची घागर भरली. इकडे पोहरा वर येत होता आणि तिकडे पाणी खाली उतरत होतं, असं म्हणतात.

गाव बांधावर पोचलं तेव्हा समुद्र बांधाच्या कडेपेक्षा गुडघाभर खाली होता. बांध जागच्या जागी, वाफे कोरडे. हसाजी बोलून बोलून घसा बसलेला, मान टाकून उभा.

"खोटा!" पाटील म्हणाला.

हसाजीने मान डोलावली. नाही म्हटलं नाही. त्याला सोडला. त्याने बैल घेतला, घाणा जड म्हणून तिथेच ठेवला, आणि दिवस मावळायच्या आत निघून गेला. पोशाने सगळ्यांना सांगून पाहिलं. पण ज्याचे हात काट्यांनी फाटले, त्याचं डोकंही फाटलं असणार, असं गावाने धरलं.

पुढे पाऊस पडला, भात आलं. कापणीच्या दिवसांत उघाडी दुरुस्त करायला माणसं गेली, तर खैराच्या खांबावर कालवं चिकटलेली. समुद्रात खडकाला चिकटतात ना, तीच. बांधाच्याही वर, छातीइतक्या उंचीवर.

पाटील आला. "कोणीतरी डिंकाने चिकटवलीत," म्हणाला. नखाने खरवडून पाहिलं. निघेनात. बोट मात्र कापलं. तो बराच वेळ बोट तोंडात धरून उभा राहिला. मग समुद्राकडे बघितलं, मग बांधाकडे. आणि घरी गेला. पोशाने काढून उरलेले काटे दुसऱ्या दिवशी पाटलाच्या चुलीत जळत होते.

हसाजीला शोधायला पोशालाच धाडला. तो बंदरात सापडला, दुसऱ्याच्या घाण्यावर. पोशा पाया पडला. "काका, चला. तुम्ही खरे होतात, असं पाटील आता चावडीवर सांगणार आहे."

हसाजी हसला. "नको सांगू म्हणावं. मी खरा ठरलो असतो तर तू आज इथे आला नसतास. मला खोटाच राहू दे."

तो परत आला नाही. कुठे गेला, कुठे पुरला, कोणी सांगत नाही.

आता बांध दगडी आहे. पण आषाढातल्या अमावास्येला तिवरोलीची पहिली घागर अजून मीठवाडीला जाते. दुपारच्या भरतीला सगळं गाव खांबाशी जमतं. पाटलाच्या घरातला थोरला खांबावर तेल ओततो आणि मोठ्याने म्हणतो, "हसाजी, तू खोटा!" आणि लहानथोर सगळे ओरडतात, "खोटाच राहा!" नवी सून असली की दचकते, तेल ओतून कोणी शिव्या घालतं का म्हणून. तिला मग ही गोष्ट सांगतात.

ओरडून झालं की लोक घरी वळतात. पण मी इतकी वर्षं बघतोय, वळता वळता जो तो एकदा हळूच मागे बघतो. पाणी कुठवर आलंय ते.