द्वारकाबाईंचं रिव्हॉल्व्हर

विलायती रिव्हॉल्व्हर येणं बंद झालं, तसे जुन्यांचे भाव चढत गेले. जहागीरदार तात्यासाहेबांनी मिळतील तेवढी गोळा करून काचेच्या कपाटात मांडली होती.

द्वारकाबाई जगदाळ्यांच्या घरी सासऱ्यांच्या वेळचं एक होतं. बाईंचा एकुलता एक मुलगा, दिगंबर, ते पुसत असताना गोळी सुटली आणि तो गेला. चौकशी संपल्यावर बाईंनी फौजदाराकडून ते मोडायची परवानगी आणली आणि लोहाराची भट्टी गाठली.

कळताच तात्यासाहेब मोटार घेऊन तिथं धडकले.

“बाई, मागाल तो भाव देतो! असली आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. एक कमी झालं की उरलेल्यांचं मोल वाढतं, कळतंय का?”

लोहाराचा हात थबकला.

“मग मोडू द्या की,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तुमच्या कपाटातल्यांचं मोल वाढेल. माझा दिगंबर कमी झाला, तेव्हा उरलेल्या माणसांचं मोल कुठं वाढलं? त्याच्या दहाव्यालाही तुम्ही आला नाहीत. आज याच्यासाठी धावत आलात.”

लोहारानं घण उचलला. तुकडे होईपर्यंत बाई तिथंच उभ्या राहिल्या, मग रिकाम्या घराकडे चालू लागल्या.